पाचवीच्या मुलांसाठी आठवी-नववीचे ‘ताई-दादा’ नेमावेत का?

अर्धीसुट्टी (प्रश्न)

नमस्कार. मी तालुक्याच्या गावातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे पाचवी ते दहावीचे वर्ग आहेत. पाचवीत येणारी बहुतेक मुले आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील, जिल्हा परिषदेच्या चौथीपर्यंतच्या शाळांतून येतात. तेथे दोन शिक्षक, एका खोलीत दोन इयत्ता आणि प्रत्येक मुलाच्या घरची खडान्‌खडा माहिती असलेले गुरुजी, असे वातावरण असते. आमच्याकडे मात्र दर तासाला शिक्षक बदलतात, हिंदी हा विषय नव्याने सुरू होतो, वर्गात पन्नासच्या वर मुले असतात आणि घंटा झाली की नेमके काय करायचे हेच पुष्कळांना उमगत नाही. काही मुले वेळापत्रक लावता येत नाही म्हणून सगळी पुस्तके रोज पाठीवर वाहून आणतात. काही तर ऑगस्ट उजाडला तरी वर्गात तोंड उघडत नाहीत.

यंदा मुख्याध्यापकांनी असे सुचवले आहे की, आठवी-नववीतील मुलांपैकी काहींना ‘ताई’ आणि ‘दादा’ म्हणून नेमावे आणि प्रत्येकाकडे पाचवीतील दोन-तीन मुले सोपवावीत. शिक्षकांच्या सभेत यावर बरीच चर्चा झाली. काहींना कल्पना फार आवडली. काहींचे म्हणणे असे पडले की, आपले काम आपण मुलांच्या गळ्यात घालत आहोत. मला स्वतःला उपक्रम करून पाहावासा वाटतो, पण मुले कोणती निवडावीत, त्यांना नेमके काय काम द्यावे आणि मोठ्या मुलांच्या पालकांना काय सांगावे, याविषयी मनात गोंधळ आहे. ज्यांनी असे काही प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

चौथा तास

मॅडम, मी ग्रामीण भागातील शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. आमच्याकडे हा उपक्रम बरीच वर्षे चालला, त्यामुळे अनुभवाने लिहितो.

असे उपक्रम बुडतात ते बहुधा काम मोघम ठेवल्यामुळे. ‘लहानांकडे लक्ष ठेवा’ एवढेच सांगितले, तर मोठी मुले एक तर फौजदारकी करू लागतात किंवा चार दिवसांनी सगळे विसरून जातात. म्हणून काम इतके बारीक करून द्यावे की, ते झाले की नाही हे कोणालाही पाहता येईल. जूनमध्ये पहिले दोन आठवडे ताई-दादांनी फक्त एवढेच करावे: वेळापत्रक वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यायला मदत करणे, उद्याचे दप्तर कसे भरायचे ते दाखवणे, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, ग्रंथालय आणि कार्यालय दाखवणे, आणि कोणत्या कामासाठी कोणत्या शिक्षकांकडे जायचे ते सांगणे. आपल्याला हे क्षुल्लक वाटते. पण दाखला मागायला कार्यालयात जाताना ज्या मुलाचे पाय लटपटतात, त्याला सोबत कोणी मोठे असले की अर्धे काम होते.

अभ्यासाचे काम त्यानंतर सुरू करावे, आणि तेही फक्त वाचन व अंकगणित एवढ्यापुरते. आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटे पुरेत. परिसर अभ्यास, विज्ञान वगैरे विषय शिक्षकांकडेच राहू द्यावेत.

निवडीबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. वर्गात पहिली येणारी मुले सरसकट निवडू नयेत. ज्याला वजाबाकी कधी अडलीच नाही, त्याला ती दुसऱ्याला का अडते हे कळत नाही; तो दोनदा समजावतो आणि तिसऱ्यांदा वैतागतो. आमच्याकडच्या नववीतील एका मुलीचे उदाहरण देतो. ती स्वतः गणितात जेमतेम पास होणारी होती. तिच्याकडे दिलेल्या मुलाने ४०२ मधून १७८ वजा करून ३७६ असे उत्तर काढले होते. शिक्षकाला लगेच कळते की मुलाने प्रत्येक घरातील मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे, आणि आपण ‘अरे, हातचा घे’ असे म्हणून मोकळे होतो. तिने तसे केले नाही. तिने विचारले, ‘तुझ्याकडे चारशे दोन रुपये होते आणि तू जवळजवळ दोनशे खर्च केलेस, तर पावणेचारशेच्या वर उरतील का?’ मुलगा गप्प झाला. मग तिने कागदाचे कपटे फाडून शंभराच्या चार नोटा आणि एकेक रुपयाची दोन नाणी मांडली. दहाची एकही नोट नाही, म्हणून शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा केल्या. त्यांतली एक मोडून रुपयाची दहा नाणी केली. आणि मग त्याला एकशे अठ्ठ्याहत्तर रुपये उचलायला सांगितले. उरलेले दोनशे चोवीस त्याने स्वतः मोजले. हातचा हा शब्द तिने त्यानंतर उच्चारला. मी खिडकीबाहेर उभा राहून हे पाहत होतो, आणि प्रशिक्षणाच्या वर्गांत आम्ही जे दिवसभर ऐकत असू ते तिला कोणी न सांगता साधले होते, कारण काही वर्षांपूर्वी तिथेच तिचे घोडे पेंड खात होते.

एक नियम मात्र आम्ही कटाक्षाने पाळत असू: पेन्सिल लहान मुलाच्याच हातात राहिली पाहिजे. मोठ्या मुलांचा कल पेन्सिल ओढून उत्तर लिहून टाकण्याकडे असतो. दप्तरे तपासताना गृहपाठात दोन वेगवेगळी अक्षरे दिसू लागली की समजावे, शिकवणे थांबले आहे आणि लिहून देणे सुरू झाले आहे.

जुनी पाटी

वरील प्रतिसाद आवडला. ‘शिक्षकांचे काम मुलांच्या गळ्यात’ हा जो आक्षेप आपल्या सभेत निघाला, तो नवा नाही. त्याला दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा उगम आपल्याच देशात आहे, म्हणून थोडे विषयाला धरूनच लिहितो.

आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत एकच पंतोजी आणि सगळ्या वयांची मुले असत. धुळाक्षरे गिरवणाऱ्या लहानग्यांवर मोठी मुले नजर ठेवत, आणि पावकी, निमकी, दिडकीची (पाव, अर्धा, दीड यांच्या पाढ्यांची) उजळणी एक मोठा मुलगा सांगे व बाकीचे त्याच्यामागून म्हणत. हे कोणी शोधून काढलेले तंत्र नव्हते. त्याशिवाय शाळा चाललीच नसती. मद्रासच्या एग्मोर भागात सैनिकांच्या अनाथ मुलग्यांसाठी एक संस्था होती. अँड्र्यू बेल हे स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ पासून तिची देखरेख करत होते. देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना त्यांनी पाहिली आणि आपल्या शाळेतही तसे करण्याचे ठरवले, पण तेथील शिक्षक काही राजी होईनात. तेव्हा त्यांनी जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे अक्षरओळखीचा वर्ग सोपवला. तो वर्ग चांगला चालल्यावर बेल यांनी हळूहळू सगळी शाळाच मुलांकरवी चालवली, आणि १७९७ मध्ये लंडनमध्ये त्याचा अहवाल छापला. ‘मद्रास पद्धत’ म्हणून ती युरोपभर गेली.

त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टर यांनी लंडनच्या बरो रोडवर शाळा काढली. तेथे एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले असत आणि त्यांना शिकवत ते ‘मॉनिटर’. आपल्या वर्गांतील मॉनिटर हा त्याच घराण्यातला, फक्त आता त्याच्याकडे फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहिण्यापुरतेच काम उरले आहे. मुंबई इलाख्यातही १८२० च्या दशकात लँकेस्टरच्या पद्धतीने शिक्षक तयार करण्याचे प्रयत्न झाले.

ही पद्धत पुढे का मागे पडली, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तिचे मोठे आकर्षण होते स्वस्ताई. एका पगारात शेकडो मुले शिकतात म्हटल्यावर सरकारांना आणि दानशूरांना आणखी काय हवे होते? पण दहा-बारा वर्षांच्या मॉनिटरला स्वतःलाच धडा नुकता पाठ झालेला असे. तो पाठांतर करवून घेऊ शके, शंका सोडवू शकत नसे. शिवाय एवढ्या मुलांना काबूत ठेवण्यासाठी लँकेस्टर यांनी छडीऐवजी अपमानाच्या शिक्षा काढल्या; खोडकर मुलाला टोपलीत बसवून छताला टांगणे ही त्यांतलीच एक. अखेर इंग्लंडमध्ये १८४६ पासून निवडक मुलांना वयाच्या तेराव्या वर्षापासून पाच वर्षे शिक्षकाच्या हाताखाली उमेदवारी करायला लावण्याची पद्धत आली, आणि मॉनिटरची शाळा ओसरत गेली.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. हा उपक्रम सुरू झाल्यामुळे शिक्षकाचा एखादा तास कमी झाला, रिक्त पद भरायचे लांबले किंवा ‘ताई-दादा आहेत ना’ म्हणून पाचवीचा वर्ग मोकळा सोडला जाऊ लागला, तर आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे खरे. शिक्षकाचे काम उलट थोडे वाढले, तर उपक्रम ठीक चालला आहे असे समजावे.

नववीचा पालक

शिक्षक मंडळींनी फार छान लिहिले आहे, पण आमची बाजूही मांडतो. माझा मुलगा नववीत आहे. शाळा सुटल्यावर शिकवणी, मग गृहपाठ, आणि पुढच्या वर्षी दहावी. त्याने पाचवीच्या मुलांचे दप्तर भरून द्यावे, यातून त्याला काय मिळणार? प्रमाणपत्र मिळेल, हे माहीत आहे. अशी प्रमाणपत्रे आमच्याकडे ढीगभर आहेत. मुलाला नको असेल तर तो नाही म्हणू शकेल का, की वर्गशिक्षकांची मर्जी राखण्यासाठी त्याला होच म्हणावे लागेल? माझा मुलगा तरी गुरुजींना नाही म्हणणार नाही, आणि मला काळजी त्याचीच आहे.

खडू-फळा

मी शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रात काम करते. वरील पालकांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर धोरणातच आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या परिच्छेद २.७ मध्ये मुलांनी मुलांना शिकवण्याचा उल्लेख आहे, आणि तेथे तो उपक्रम ऐच्छिक व आनंददायी असावा, प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली चालावा आणि सुरक्षिततेची काळजी घेतली जावी, असे स्पष्ट म्हटले आहे. ऐच्छिक म्हणजे खरोखरच ऐच्छिक. वर्गात ‘कोण कोण तयार आहे, हात वर करा’ असे विचारले, तर पहिल्या बाकावरची मुले हात वर करणारच. त्यापेक्षा मुलांना घरी विचारून, चिठ्ठीवर लिहून द्यायला सांगावे, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर कोणतेही कारण न देता बाहेर पडण्याची मोकळीक ठेवावी.

मोठ्या मुलांना काय मिळते, यावर परदेशात पुष्कळ अभ्यास झाले आहेत. अमेरिकेत १९८२ मध्ये अशा ६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात शिकणाऱ्या मुलांप्रमाणे शिकवणाऱ्या मुलांनाही त्या विषयात लाभ झाल्याचे आढळले, आणि विषयाकडे पाहण्याची त्यांची दृष्टीही सुधारलेली दिसली. मात्र यावरून पालकांना भलती आश्वासने देऊ नयेत. पाचवीचे पाढे घेऊन नववीचे बीजगणित सुधारत नाही. अपूर्णांकांचे मात्र तसे नाही. नववीतील कितीतरी मुले दोन तृतीयांश आणि तीन चतुर्थांश यांची बेरीज करताना छेदांचीही बेरीज करून मोकळी होतात, आणि पुढे बीजगणितातील पदावल्यांत तीच चूक त्यांना नडते. पाचवीतील मुलाला कागदाची घडी घालून समच्छेद समजावताना त्यांची स्वतःची वर्षानुवर्षांची अढी सुटते, आणि नववीत असूनही हे येत नाही असे कोणापुढे कबूल करावे लागत नाही. त्यामुळे कोणाला काय शिकवायला द्यायचे, हे ठरवताना मोठ्या मुलाची कच्ची जागाही लक्षात घ्यावी.

कुरणातली शाळा

कोणी लिहिले नाही म्हणून एका गोष्टीकडे लक्ष वेधते. ‘ताई’ म्हणून आपोआप कोण पुढे येईल, याचा विचार करा. माझा अनुभव असा की, अशा उपक्रमांत मुली जास्त येतात, आणि शिक्षकही मुलींनाच अधिक सांगतात, कारण त्या ‘नीट सांभाळतात’. त्या नीट सांभाळतात, कारण घरी त्या तेच करत आलेल्या असतात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातील कोसबाडला नेले. तेथील आदिवासी पाड्यांवर मोठी बहीण शाळेत येत नसे, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि त्याला विकासवाडी म्हटले. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, आणि मोठी मुलगी मोकळ्या हातांनी तिच्या वर्गात. त्या रचनेत मोठी मुले लहानांच्या जवळ होती, पण त्यांचे ओझे मोठ्यांच्या अंगावर नव्हते.

आपल्या शाळेत याच्या उलट होऊ नये. दुपारच्या पोषण आहाराच्या वेळी पाचवीच्या मुलांची ताटे वाढायला ताई, कोणी पडले-रडले तर ताई, आणि दादा मात्र कवायतीच्या रांगा लावायला, अशी वाटणी न ठरवताही होते. मुलगे आणि मुली सारख्या संख्येने घ्या, दोघांनाही वाचन आणि गणित दोन्ही शिकवायला द्या, आणि ज्या मुलीला घरी पाणी भरून, स्वयंपाकाला हात लावून शाळेत यावे लागते, तिला आणखी एक जबाबदारी देण्यापूर्वी दोनदा विचार करा.

अधीक्षक

मी वसतिगृहावर काम करतो, त्यामुळे थोडक्यात फक्त सुरक्षिततेविषयी. मोठ्या मुलाला लहानावर अधिकार दिला की, सगळे मोठे चांगलेच वागतील असे धरून चालू नये. जोडी नेहमी उघड्यावर बसावी: व्हरांडा, ग्रंथालय, मैदानाकडेचा कट्टा. बंद खोली नको, शाळा सुटल्यानंतरची वेळ नको आणि कोणी कोणाच्या घरी जाणे नको. ताई-दादांना शिक्षा करण्याचा कोणताही अधिकार नाही, उठाबशाही नाहीत, हे पाचवीच्या मुलांनाच पहिल्या दिवशी सर्वांसमक्ष सांगावे; मोठ्यांना सांगितलेले लहानांपर्यंत पोहोचत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घातली आहे. जे शिक्षकाला करता येत नाही, ते दादाला कसे करता येईल? तक्रारपेटी शाळेत असतेच, पण पाचवीचे मूल पेटीत चिठ्ठी टाकत नाही. त्याला महिन्यातून एकदा बाजूला घेऊन, ‘तुझा दादा तुझ्याकडून काय काय कामे करून घेतो?’ असे सरळ विचारावे. वहीवर पट्ट्या मारून देणे, पाण्याची बाटली भरून आणणे, डब्यातला खाऊ देणे, अशी उत्तरे आली तर जोडी त्याच दिवशी मोडावी.

अर्धीसुट्टी

सर्वांचे मनापासून आभार. मुख्याध्यापकांशी बोलून काही गोष्टी ठरवल्या आहेत. दहावीच्या मुलांना यात घ्यायचे नाही. आठवीच्या मुलांना एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी असते, म्हणून मुख्य भर नववीवर राहील. शनिवारी सकाळच्या शाळेतील शेवटचा तास आणि बुधवारचा कार्यानुभवाचा तास, अशा दोन वेळा घेतल्या आहेत. त्यामुळे कोणालाही शाळा सुटल्यावर थांबावे लागणार नाही. दोन्ही वेळा एक शिक्षक हजर राहील, आणि सुरुवातीला ती जबाबदारी मी घेतली आहे. प्रमाणपत्र द्यायचे नाही, असेही ठरवले. त्यावर सभेत थोडी नाराजी झाली, पण पालकांनी लिहिलेले वाचून दाखवल्यावर विषय मिटला.

एक शंका राहते. पाचवीतील ज्या मुलाला वाचता येत नाही, त्याला सगळ्यांसमोर दादाजवळ बसवले की त्याच्यावर ‘ढ’ असा शिक्का बसणार नाही का? आमच्याकडे यंदा असे सात-आठ तरी असतील.

चौथा तास

बसेल. म्हणून पाचवीच्या सगळ्याच मुलांना ताई-दादा द्यावेत, वाचता येणाऱ्यांनाही. ज्याला अस्खलित वाचता येते, त्याने गोष्टीचे पुस्तक वाचून दाखवावे आणि ताईने ऐकून प्रश्न विचारावेत. ज्याला जोडाक्षरे अडतात, त्याच्याबरोबर दादाने ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘ट्रक’ असे शब्द घेऊन तिन्ही ठिकाणचा ‘र’ कुठे कुठे दडला आहे ते शोधावे. लांबून पाहणाऱ्याला सगळ्या जोड्या पुस्तक उघडून बसलेल्या दिसतात. कोण काय वाचतो आहे, हे त्या दोघांनाच ठाऊक असते.

ज्या सात-आठ मुलांना अक्षरओळखच नाही, त्यांचे मात्र ताई-दादांवर सोडू नका. त्यांना रोज वेळ द्यावा लागेल, आणि तो शिक्षकानेच द्यावा. त्यांच्या चौथीच्या गुरुजींना एकदा फोन करून पाहा. कोणते मूल कशामुळे मागे राहिले, हे त्यांना नक्की ठाऊक असते. शिवाय नववीतील कोणी त्याच वाडीचा असेल, तर त्या मुलाची जोडी त्याच्याशीच लावा. येता-जाता रस्त्याने गप्पा होतात, आणि गैरहजेरीचे खरे कारणही आपल्याला त्याच्याकडूनच कळते.